लांब पायांची घोडी

सांधेवाल्या घोड्याची मला शिसारी येते. खांद्यावर बाटलीच्या बुचासारखी चकती, मानेभोवती कापल्याची रेघ, गुडघ्यात खिळा. हलवला की करकरतो. खऱ्या घोड्याच्या कातडीला कुठे शिवण असते? अकरा वर्षं मी या कारखान्यात शोभेचे, रेझिनचे एकसंध घोडे घडवते आहे आणि शौकीन लोक ते काचेच्या कपाटात ठेवतात. माझ्या घोड्यांचे लांब, सडपातळ पाय लांबूनही ओळखू येतात. प्रत्येकाच्या पोटाखाली माझी सही असते.

म्हणून माझ्या नव्या घोडीला चौदा सांधे बसवायचं मालकांनी ठरवलं, तेव्हा मी त्यांच्याशी भांडायला गेले. लोकांना आता हलवता येणारे घोडे हवेत, असं त्यांचं म्हणणं. उद्या लोकांना नाकात बोट घालणारा घोडा हवा असेल, तोही करू का, असं मी विचारलं. मालक हसले आणि काम माझ्या धाकट्या दिराकडे गेलं. सांधे बसवणाऱ्या कारागिरांपैकी तो एक, आणि घरी दोन वेळा माझ्या हातचं जेवणाराही तोच. घरचा भेदी म्हणतात तो असा. मी मालकांना सांगून टाकलं की या घोडीवर माझी सही नको.

आठवड्याने मी त्याच्या टेबलापाशी गेले. साच्यातून काढलेल्या घोडीचे तुकडे पडले होते. वाटीत चार खूर, फडक्यावर मान. कापलेल्या रेझिनचा घाणेरडा वास येत होता, मी रुमाल नाकाला लावला. दीर कानशीने तिच्या पुढच्या पायाची गुडघ्याखालची नळी घासत होता.

"भाऊजी, सांधे बसवायला सांगितलंय, पाय छाटायला नाही."

त्याने शेजारची दुसरी घोडी उचलली, सांधे बसवलेली पण न घासलेली, आणि तिचा पुढचा पाय दुमडला. पाय अर्धाच मिटला, खूर पोटात रुतला. त्याने तिला खाली बसवून पाहिलं, ती बसेना. मग त्याने घासलेले पाय लावून पहिली घोडी जुळवली. ती चारही पाय पोटाशी घेऊन नीट बसली.

"नळी लांब आहे, वहिनी. चार मिलिमीटर."

मी पट्टी घेऊन मोजलं. मग फळीवरचे माझे जुने घोडे मोजले. सगळ्यांची नळी तेवढीच जास्त. कधीपासून माहीत आहे, असं मी विचारलं. पहिल्या घोड्यापासून, तो म्हणाला. उभा राहणाऱ्या घोड्याचा पाय कोण दुमडून बघणार, म्हणून गप्प बसलो. आणि दुसऱ्या कुणाच्या हाती लागलं असतं तर कारखानाभर झालं असतं, म्हणून हे काम मालकांकडून मागून घेतलं.

झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि अकरा वर्षं ती मी मिरवली होती. फळीवरच्या त्या लांब पायांकडे बघून मला चकत्यांपेक्षा जास्त किळस आली. ज्यांना मी ऐट म्हणत होते ते व्यंग होतं.

मालक फिरत फिरत आले. बसलेली घोडी हातात घेऊन खूश झाले आणि सहीचं पुन्हा विचारलं.

"नको," मी म्हटलं. ते पाय माझे नव्हते.

दिराने कानशी खाली ठेवली. मालकांना वाटलं, बाईंचा राग अजून गेलेला नाही.