बनातीखालचा ओरखडा

वहिनी तीन मजले उतरून, दोन गल्ल्या चालून आल्या आणि टॉवेलात गुंडाळलेली पुतळी त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली. आधी दोन्ही गुडघे चोळले, मग म्हणाल्या, "भावोजी, तुमची बाई आणलीय. काय किमतीची आहे ते सांगा."

हातभर उंचीची, मनगटावर कबुतर घेतलेली काळपट धातूची बाई. माझं लग्न झालं नाही, म्हणून घरात तिला 'तुमची बाई' म्हणायची पद्धत पडली होती.

"डॉक्टरांनी जिने बंद करायला सांगितलेत," वहिनी म्हणाल्या. "ही विकून खाली कुठे खोली मिळते का बघायचं. उद्या तो जुन्या वस्तूंवाला येणार आहे. त्याने टोपी घालायच्या आत तुम्ही खरा आकडा सांगून ठेवा. आणि हे घ्या, त्यांचं भिंग. तुमचं वेळेवर कधी सापडत नाही."

गेलेल्या दादाचं भिंग मी हातात घेतलं आणि उगीचच पुसत बसलो.

एक्केचाळीस वर्षांपूर्वी वडील गेले तेव्हा आम्हा दोघा भावांत वाटण्यासारख्या दोनच गोष्टी होत्या. रस्त्यावर दार असलेली ही लांबट खोली आणि ही पुतळी. मी संग्रहालयात नुकताच लागलो होतो, वस्तूंची नोंदपत्रं लिहायचो. एका पुस्तकात मला तिचं चित्र सापडलं, पायाजवळची सही जुळली. मी दादाला सांगितलं, ब्राँझ आहे, हिच्या किमतीत अशा दोन खोल्या येतील. मोठा भाऊ म्हणून तूच घे. मी उदार झालो होतो. दादा घड्याळजी, पुस्तकांच्या वाट्याला न जाणारा. "तू शिकलेला," तो म्हणाला. "तू म्हणतोस तर असेल." खोली मला ठेवून, पुतळी घेऊन तो आपल्या दुकानावरच्या तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहायला गेला. ती त्याने कधीच विकायला काढली नाही.

मला शंका येऊ लागून वीसेक वर्षं झाली असतील. त्याच्याकडे गेलो की मी तिच्याकडे पाठ करून बसायचो.

आता पाठ करता येत नव्हती. मी बोटाच्या पेराने तिला टकटक केलं. ब्राँझ घुमतं. ही ठक् म्हणाली आणि गप्प झाली. उचलली तर उंचीच्या मानाने हलकी. खात्री करायची तर तळाला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, ओरखडा काढायचा. खाली पिवळट निघालं तर ब्राँझ, पांढुरकं निघालं तर जस्त. वाटणीच्या वेळीही मला हे ठाऊक होतं. पुस्तकात होतं. पण पुतळीला इजा करायला माझा हात धजला नव्हता. की दुसरंच काही होतं, कोण जाणे.

पुतळीच्या बैठकीच्या तळाला हिरव्या लोकरी कापडाची बनात चिकटवलेली होती. चाकूच्या टोकाने मी तिची कड सोडवली. खाली ओरखडा आधीच होता. जुना, मंद झालेला, पण सरळसरळ राखाडी. त्याच्या शेजारी सुईने कोरलेला छोटा त्रिकोण आणि तारीख.

दादा दुरुस्त केलेल्या प्रत्येक घड्याळाच्या झाकणात आतून असं कोरायचा, पुढे उघडणाऱ्याला कळावं म्हणून. तारीख मी भिंगातून तीनदा वाचली. नऊ. वाटणीच्या कागदावर आम्ही सह्या केल्या त्या त्याच महिन्याच्या पंधराला.

बनात परत चिकटवून टाकायला डिंकाची बाटली हाताशीच होती.

"नीट बघावं लागेल," मी म्हणालो. "दोन दिवस राहू दे इथे."

"चाळीस वर्षं थांबलीच आहे की. बोला आता."

"जस्त आहे, वहिनी. वरून रंग. सहीसुद्धा साच्यातूनच आलेली, नक्कल. अशा तेव्हा ढिगाने विकल्या जायच्या. चपलांचा एक बरा जोड येईल."

वहिनींनी टॉवेलाची घडी घातली. "यांना माहीत होतं?"

मी बनात वर धरली. त्यांनी भिंग सराईतपणे डोळ्यात बसवलं. "नऊ तारीख," त्या म्हणाल्या. "आणि सह्या?"

"पंधराला."

"तुम्हाला कधी कळलं?"

"खात्री आज झाली."

"खात्रीचं नाही विचारलं मी."

"वीस वर्षं," मी म्हणालो.

"छान! एक भाऊ सांगत नाही, दुसरा विचारत नाही, आणि मी वेडी दर आठवड्याला हिच्या कबुतराचे पंख पुसतेय." त्यांनी भिंग काढलं. तो डोळा ओला होता, दुसराही. "एकदा म्हणाले होते मला. धाकटा बाहेर टिकायचा नाही, त्याला आपलं स्वतःचं दार हवं. मला वाटलं, तुमच्या तेव्हाच्या छातीच्या दुखण्याबद्दल बोलतायत."

इतकी वर्षं मी त्याला फसवल्याचं ओझं वागवत होतो. त्यापेक्षा हे जड होतं.

वहिनी भिंतीवरच्या फळ्यांकडे बघत होत्या. "पुस्तकं किती?"

"तीन हजार असतील. का?"

"आमच्या पायऱ्या चोपन्न आहेत. तुमचे गुडघे अजून बरे आहेत ना?"

पहिल्यांदा माझ्या मनात आलं ते हे, की इतकी पुस्तकं वर चढवायची कशी. वहिनी इतकी वर्षं कशा चढल्या, हे त्यानंतर आलं. क्रम चुकला, हे माझं मलाच कळलं.

"बरे आहेत," मी म्हणालो आणि उठून सगळ्यात खालच्या फळीवरची जाड पुस्तकं काढायला लागलो.

"आत्ताच नको हो," वहिनी म्हणाल्या. पण उठल्या नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी पुतळी पुन्हा टॉवेलात गुंडाळली आणि माझ्या पुस्तकांच्या ढिगावर ठेवली. "हिलाही वर घेऊन जा. आता तुम्ही पुसा."