धोटा मधून पळतो

मी एक जुना चौकोन आहे. मित्रांनो, हसू नका. संगणकावरच्या खेळात तुम्हाला जी जमीन, झाडे, घरे दिसतात, ती माझ्यासारख्या छोट्या चित्रांच्या चौकोनांनीच भरलेली असतात. माझ्यावर धोटा आहे. हातमागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडे पळणारा, लाकडी होडीसारखा धोटा. आणि मी रागावलेलो आहे, हे आधीच सांगतो.

मला वडगावातल्या रचनाने पाचवीत असताना काढले. तिचा चुलतभाऊ सौरव उद्यमबागेतल्या एका कारखान्यात कामाला आहे. त्याच्या जुन्या लॅपटॉपवर खेळ तयार करण्याचे एक साधन होते. खेळांच्या वेडापायी काही हौशी लोकांनी ते बनवून फुकट वाटलेले. रचनाने माझी चार चित्रे काढली. ती एकामागून एक दिसली की धोटा पळाल्यासारखा वाटे. खेळातल्या काळ्या जमिनीचाच एक भाग होऊन मी खुशाल पळायचो. गल्लीतली मुले ओरडायची, "पळालं बघ, पळालं!" ते माझे सुखाचे दिवस होते.

यंदा रचनाच्या आजोबांचा, यमनाप्पांचा, हातमाग विकला गेला. गुडघे साथ देईनात. माग होता त्या खोलीत आप्पा पाऊलही टाकेनात. म्हणून रचनाने ठरवले, खेळात आप्पांचा माग उभा करायचा. तिने ताण्याचे उभे धागे काढले, तेही वर-खाली हलणारे. खेळातले चौकोन एकावर एक अशा दोन थरांत बसतात; धागे तिने खालच्या, जमिनीच्या थरात घातले आणि मला त्यांच्या वरच्या थरात बसवले.

मी जागच्या जागी गोठलो.

त्या साधनाची मर्यादाच तशी. जमिनीच्या थरातले चौकोन हलतात. वरच्या थरातल्यांचे फक्त पहिले चित्र दिसते. माहितीच्या पानावर हे स्पष्ट लिहिलेले होते. पण वाचतो कोण?

"रचने, तुझा धोटा संपावर गेलाय गं!" सौरव खिदळला. "भंगार झालाय. काढून टाक."

"व्हय दादा, लई जुना झालाय," असे म्हणून तिने मला 'टाकाऊ' नावाच्या फोल्डरमध्ये ढकलले.

जुना! जिथे कोणालाच हलता येत नाही तिथे मला उभे केले, आणि हलत नाही म्हणून दोषही मलाच?

संध्याकाळी तिने आप्पांना पडद्यासमोर बसवले. धागे वर-खाली होत होते.

"धोटा कुठाय?" आप्पांनी विचारले.

"चालत न्हाय, आप्पा. काढला."

"मग ह्यो माग हाय का पाळणा?" आप्पा उठू लागले.

रचनाने घाईघाईने मला बाहेर काढून धाग्यांवर ठेवले. "बघा की, वर ठेवला की थांबतोय."

"वर?" आप्पा भडकले. "धोटा ताण्याच्या वरनं? साडी विणाय लागलीस का इस्त्री कराय? मधनं जातो त्यो, मधनं!"

रचनाने लॅपटॉप पुढे ओढला. मग तिने माझी चारही चित्रे उघडली आणि त्यांतच धागे काढले. काही धोट्याच्या वर, काही खाली. दोन चौकोनांचा एकच चौकोन झाला. तो तिने जमिनीच्या थरात ठेवला, आणि मी पळालो. मित्रांनो, धाग्यांच्या मधून पळालो!

आप्पा पुन्हा खुर्चीत टेकले. खुर्चीखाली त्यांचा दुखरा पाय मागाची फळी दाबल्यासारखा हलू लागला.

"झाला बघ दुरुस्त," सौरव म्हणाला.

माझा राग पुन्हा उसळला. दुरुस्त? मी बिघडलो होतो तरी कधी?

त्या फोल्डरमध्ये अजून एक दाणे टिपणारी कोंबडी आहे, देव्हाऱ्यातला दिवा आहे, चाके फिरणारी रिक्षा आहे. त्यांनाही वरच्याच थरात बसवले होते. मित्रांनो, कोणालाही टाकाऊ म्हणण्याआधी त्याला तुम्ही कुठे बसवले होते, तेवढे बघा. आणि रचना, माझे कौतुक नंतर कर. आधी तो फोल्डर उघड.