पिवळ्या बोयांच्या पलीकडे

पायाखाली वाळू नाही हे नेरेइदाला कळलं, तेव्हा ती खळखळून हसत होती.

हसवलं होतं सासूने. डोन्या कास्ता त्या फुगवलेल्या तराफ्यावर पाय पसरून बसल्या होत्या आणि म्हणत होत्या, "लेकीने हौसेने धाडलं म्हणून आले हो. नाहीतर एवढा वेळ मिठाच्या पाण्यात ठेवायला मी काय खारवलेला मासा आहे?" तराफा कलिंगडाच्या फोडीसारखा होता, लालभडक, हिरव्या काठाचा, वर काळ्या बिया रंगवलेल्या. सात वर्षांची आन्येली आजीच्या पायांशी बसून पाणी उडवत होती. नेरेइदा छातीएवढ्या पाण्यात उभी राहून, दोरी धरून दोघींना इकडून तिकडे फिरवत होती. तिने एक पाऊल पुढे टाकलं आणि पाय नुसता खाली खाली गेला.

नाकातोंडात पाणी शिरलं. दोरी हातात होती म्हणून ती वर आली. खोकत, डोळे चोळत तिने पाय पुन्हा खाली सोडून बघितला. काही नाही. गार पाणी, बस.

"काय गं, बुडी मारायला शिकलीस वाटतं?" सासूने विचारलं.

नेरेइदाने मागे वळून पाहिलं. छत्र्या, खुर्च्या, माडांची रांग, सगळं होतं तिथेच होतं, पण लहान झालं होतं. मघाशी तिला लोकांचे चेहरे दिसत होते. आता नुसती माणसं दिसत होती.

ही चौघं मोका गावची, डोंगराकडची माणसं. नवरा रादामेस कोंबड्यांचा ट्रक चालवायचा, नेरेइदा घराच्या पुढच्या खोलीत केस कापायची, वेण्या घालायची. रादामेसची बहीण परदेशात नोकरीला होती. तिने आईच्या अडुसष्टाव्या वाढदिवसाला हा तीन दिवसांचा मुक्काम भेट दिला होता. राहणं, खाणं, पिणं सगळं त्यातच. मनगटाला निळा पट्टा बांधला की मागाल ते पुढ्यात. रादामेस त्या पट्ट्याचं चीज करण्यात गुंतला होता. आत्ताही तो बारजवळच्या सावलीत डॉमिनोच्या डावावर बसला असणार. चौघांपैकी पोहता एकालाही येत नव्हतं. पण समुद्र होता ताटात ओतल्यासारखा, लाट म्हणून नाही. त्याला काय भ्यायचं? वारासुद्धा माडांकडून येत होता, पाठीवर गार लागत होता. तोच वारा त्यांना घेऊन निघाला आहे हे तिच्या डोक्यात आत्ता शिरलं.

"डोन्या कास्ता," ती शक्य तितक्या साध्या आवाजात म्हणाली, "हाताने पाणी मागे लोटा बरं. किनाऱ्याकडे."

"का?"

"लोटा ना."

सासूने तिच्या तोंडाकडे बघितलं. मग पायातली रबरी चप्पल काढली आणि त्या चपलेने पाणी लोटायला लागली. नेरेइदा दोरीला लोंबकळून पाय झाडत होती. आन्येलीला वाटलं शर्यत लागली. तीही दोन्ही हातांनी पाणी मारायला लागली, बहुतेक उलट्या बाजूला.

पुढे पिवळे बोये दिसले. पोहणाऱ्यांनी यापुढे जाऊ नये म्हणून दोराला ओवून टाकलेली ती माळ होती. तराफा सरळ तिच्याकडेच चालला होता. नेरेइदाच्या जिवात जीव आला. बोयाला धरायचं आणि बोंब मारायची, एवढंच. माळ जवळ आली. तराफा दोन बोयांच्या मधून, दोरावरून अलगद सरकला. तिने एक हात लांब केला. बोटं बोयावर टेकली. शेवाळ होतं, बुळबुळीत. तिने पायाने दोर अडवायचा प्रयत्न केला. घोट्याला घासून तोही सुटला. दोन्ही हातांनी धरता आलं असतं, पण मग तराफ्याची दोरी सोडावी लागली असती, आणि तराफ्यावर तिची मुलगी होती.

ती ओरडली. "रादामेस! वाचवा! कुणीतरी या!" किनाऱ्यावर कर्ण्यातून गाणी चालू होती, आणि जीवरक्षकाची उंच खुर्ची रिकामी होती. कुणाच्या तरी पायात काटे रुतले म्हणून तो पार दुसऱ्या टोकाला गेला होता, हे नंतर कळलं.

"आई, तू का ओरडतेस?" आन्येलीने विचारलं.

"वर ये," सासू म्हणाली. "हातातलं बळ संपायच्या आत वर ये."

"तराफा उलटेल."

"मी या बाजूला टेकते. ये म्हणते ना!"

डोन्या कास्तांनी आपला सगळा भार पलीकडच्या काठावर टाकला आणि सुनेच्या दंडाला धरून ओढलं. तिसऱ्या खेपेला नेरेइदा पोटावर सरपटत वर आली. त्या धडपडीत तिचा गुडघा हवा भरायच्या तोंडावर घासला आणि बूच उडालं. फुस्स. इवलंसं पांढरं बूच पाण्यावर तरंगत लांब गेलं, आणि तिघी बघत राहिल्या. नेरेइदाने भोकावर अंगठा दाबला. फुसफुस थांबली.

"अंगठा काढू नकोस," सासू हळूच म्हणाली.

"नाही काढत."

"खाज आली तरी."

"नाही हो काढत!"

किनारा आता एक पांढरी रेघ झाला होता, वर माडांचा हिरवा पट्टा. पाण्याचा रंगही बदलला होता. आधी तळ दिसत होता, मग पाणी निळं झालं, आता गडद. खालचं काही दिसत नव्हतं. नेरेइदाने खाली बघायचं सोडून दिलं. एका हाताचा अंगठा भोकात, दुसऱ्या हाताने आन्येलीच्या पोहण्याच्या कपड्याची पट्टी घट्ट धरलेली. वर ऊन भाजून काढत होतं.

"कुठे चाललोय आपण?" आन्येली.

"फिरायला," आजी म्हणाली. "बस गप. हलू नकोस."

"बाबांना का नाही आणलं?"

"तुझ्या बापाला डॉमिनोतून उठवायला भूकंप लागतो."

नेरेइदाला या बाईचा राग आला. तराफा असा लांब लांब चालला असताना हिला टोमणे सुचतात कसे? पण आन्येली हसली, आणि पोर हसतेय तोवर तिला काही कळलेलं नाही, एवढंही नेरेइदाला उमगलं.

किती वेळ गेला कोण जाणे. डोन्या कास्ता ओठातल्या ओठात आल्ताग्रासियाच्या देवमातेचं नाव घेत होत्या. मग उजवीकडून ढोलाचे ठोके ऐकू आले. मोठी शिडाची नाव होती, साओना बेटावरून पर्यटकांना घेऊन परतणारी. वर माणसंच माणसं, हातात पेले, नाच चाललेला.

सासूने अंगावरचा केशरी झगा डोक्यावरून काढला, आतल्या काळ्या पोहण्याच्या कपड्यात गुडघ्यांवर बसली आणि झगा गरागरा फिरवायला लागली. तराफा डुचमळला. "इकडे! अहो, इकडे!"

नेरेइदाही ओरडत होती. आन्येलीला तर आनंदच झाला. तीही दोन्ही हात हलवून हसत होती.

नावेवरच्या लोकांनी त्यांना पाहिलं. सगळेच्या सगळे कठड्याशी आले. आणि त्यांनीही हात हलवले. एकाने पेला उंच केला, एका बाईने कंबर हलवून दाखवली, कुणीतरी शिट्टी मारली. गाणं आणखी मोठं झालं. नाव तशीच किनाऱ्याकडे निघून गेली. तिच्या मागच्या लाटांनी तराफा असा काही उचलला आणि आपटला की नेरेइदाचा अंगठा भोकातून निसटला. तो पुन्हा बसवेपर्यंत भसकन हवा गेली. लाल फोडीला मधोमध सुरकुती पडली. तिघींच्या मांड्यांखाली पाणी साचलं.

आता आन्येलीचं हसू गेलं. "आई, हे मऊ झालंय."

नेरेइदाच्या मनात हिशेब चालू झाला होता, आणि तो तिला थांबवता येत नव्हता: हा तराफा तिघींना पेलणार नाही. दोघींना पेलेल कदाचित. एकटीला नक्की. तिने सासूकडे बघितलं, आणि सासू तिच्याकडेच बघत होती. सासूच्याही मनात तेच होतं.

"असलं काही मनात आणू नकोस," डोन्या कास्ता म्हणाल्या. "अंगठा तुझा आहे. माझ्या संधिवाताच्या बोटांनी ते भोक धरवणार नाही. तू इथेच बसायचं."

"आणि तुम्ही?"

"मी कुठे जातेय? मला पोहता येतं का?" त्या म्हणाल्या, पण त्यांचा एक पाय पाण्यात सोडलेला होता, आणि नेरेइदाने आन्येलीची पट्टी सोडून सासूचं मनगट पकडलं. निळ्या पट्ट्यासकट.

तेवढ्यात त्यांना दुसरी होडी दिसली. समुद्राच्या बाजूला, त्यांच्याहूनही लांब, एक छोटी मोटरची होडी. माणूस एकच. तो पाठमोरा वाकून पाण्यातून मासे धरायचा सापळा ओढत होता. इंजिन बंद होतं. वारा त्याच्याच दिशेने वाहत होता.

दोघी ओरडल्या. घसे बसले होते. नेरेइदाच्या तोंडून नुसती खरखर निघाली. माणूस वळला नाही.

"आन्येली, रड," आजी म्हणाली.

"काय?"

"रड. भोकाड पसर. घरी आंघोळीच्या वेळी पसरतेस तसं."

"मला रडू येत नाहीये."

डोन्या कास्तांनी नातीच्या मांडीला असा चिमटा घेतला की त्यांची स्वतःची मान हलली. पिळून घेतला. आन्येलीने आधी आ वासला, काही क्षण आवाजच नाही, आणि मग जी किंकाळी फुटली ती नेरेइदाच्या कानात घुसली. चिमटा सुटला नाही. पोर जीव खाऊन ओरडत होती आणि आजीच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

माणसाने मान वर केली.

इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला तेव्हा नेरेइदाला आधी वाटलं, तो निघून चालला. होडीचं तोंड त्यांच्याकडे वळलं, तरी तिचा विश्वास बसेना. होडी अगदी जवळ आली. उन्हाने काळवंडलेला, पांढऱ्या दाढीचा माणूस वाकून हात पुढे करत होता.

"पोरीला आधी," तो म्हणाला. "तुम्ही हलू नका, बाई. एकेक करून. सोडा त्यांचा हात."

नेरेइदाने आन्येलीला दिलं. मग सासूला. अंगठा मात्र निघेना. तिने स्वतःला सांगून पाहिलं, आता काढ, बोट ऐकेना. शेवटी त्या माणसाने तिला काखेत धरून उचललं तेव्हा तराफा पायाखालून फुस्सकन चुरगळला आणि लाल चिंधीसारखा वाऱ्याबरोबर निघून गेला.

त्याचं नाव मेलानिओ. त्याने पाणी दिलं, एक गोड पाव तीन तुकडे करून दिला आणि गावाच्या धक्क्यापर्यंत त्यांना शिव्या घातल्या. "हवा भरलेली चित्रं घेऊन समुद्रात शिरता! वारा जमिनीवरून असला की इथली पोरं घोट्याच्या वर पाण्यात जात नाहीत. साओना चुकलं असतं तर पुढे काय आहे, ठाऊक आहे? काही नाही. नुसतं पाणी." डोन्या कास्ता खाली मान घालून ऐकत होत्या. कुणाचं ऐकून घेताना नेरेइदाने त्यांना प्रथमच पाहिलं.

धक्क्यावरून मेलानिओच्या पुतण्याने त्यांना गाडीने हॉटेलच्या फाटकाशी सोडलं. तिघी अनवाणी, ओल्या. पहारेकऱ्याने मनगटं बघितली आणि आत सोडलं.

किनाऱ्यावर रादामेस गळ्याएवढ्या पाण्यात उभा होता. कपड्यांनिशी, बुटांनिशी. दोन माणसांनी त्याला दोन्ही बाजूंनी धरून ठेवलं होतं, कारण तो तिथूनही पुढे जात होता. जीवरक्षक मोटरबोट घेऊन निघाला होता, पण भलत्याच दिशेला. आन्येलीने "बाबा!" अशी हाक मारली. रादामेसने वळून बघितलं आणि पाण्यातच खाली बसला; लोकांनी त्याला ओढून बाहेर आणलं. तो कुणाच्याही गळ्यात पडला नाही. वाळूवर बसून मुलीचे पाय दोन्ही हातांत घट्ट धरून राहिला.

"आजीने मला चिमटा काढला," आन्येलीने मांडी दाखवली. जांभळा डाग उठला होता.

"आई! एवढ्याशा पोरीला?"

"गप रे," डोन्या कास्ता म्हणाल्या. "भूक लागलीय. काहीतरी आण."

जेवणाच्या दालनात लोक थाळ्या भरून फिरत होते. रादामेसने आणलेल्या राजमा-भाताच्या थाळीसमोर डोन्या कास्ता बसल्या. चमचा उचलला. तो थाळीवर टकटक वाजायला लागला. खाली ठेवला, पुन्हा उचलला. भात मांडीवर सांडला. रादामेस आन्येलीसाठी आइस्क्रीम आणायला गेला होता. टेबलाशी सून तेवढी होती.

"मी फार घाबरले होते गं," सासू थाळीकडे बघत म्हणाली.

"मला कळलंच नाही."

"कळून काय झालं असतं? तुझा अंगठा हलला असता."

नेरेइदाने खुर्ची जवळ ओढली. तिचा अंगठा अजून सरळ होत नव्हता, म्हणून तिने डाव्या हाताने चमचा घेतला आणि सासूच्या तोंडापाशी धरला. नेहमीची डोन्या कास्ता असती तर तिला हाकलून लावलं असतं. त्यांनी तोंड उघडलं.

"थंड आहे," त्या म्हणाल्या, आणि गिळलं.

दुसऱ्या दिवशी रादामेसने सामान बांधायला घेतलं. आईने बांधू दिलं नाही. मुक्काम संध्याकाळपर्यंतचा आहे, म्हणाली. मग चौघं दिवसभर माडांच्या सावलीत, समुद्राकडे पाठ करून बसून राहिली. आन्येली वाळूत खड्डा खणत होती. खड्ड्यात तळाशी पाणी झिरपून आलं, तशी नेरेइदा उठली आणि तिने तो पायाने बुजवून टाकला.