लागू नसेल ते खोडावे

मापाच्या फितीचं एक टोक मामांनी जर्सीच्या गळ्यावर धरून ठेवलं होतं आणि दुसरं टोक कामगार-कल्याण अधिकारी साहेब खालच्या शिवणीपर्यंत ओढत होते. मध्ये चहाचे कप होते, त्यामुळे फीत एका कपाला वळसा घालून जात होती.

"एकोणतीस," साहेब म्हणाले. "फ्रेमवाल्याला बत्तीस सांगू. कडेने जरा हवा खेळली पाहिजे."

मामांनी एकोणतीस लिहिलं आणि पुढे बत्तीस लिहिलं. बैठकीचं टिपण त्यांच्याकडेच असे, कारण पुठ्ठ्याच्या त्या कारखान्यात ओळी आखून जे काही लिहायचं ते मामांच्या टेबलावर येई. एकतीस वर्षं ते हजेरीपट लिहीत होते. 'मामा' हे त्यांचं नाव नव्हतं, नातं होतं. सहा वर्षांपूर्वी त्यांचा भाचा पॅकिंगमध्ये लागला आणि दिवसभर मामा, मामा करत हिंडू लागला, ते तिन्ही पाळ्यांनी उचललं. आता साहेबही त्यांना मामाच म्हणत. ज्याचा हक्क होता तो तेवढा आठ महिने म्हणत नव्हता.

आठ महिन्यांपूर्वी भाचा सकाळच्या पाळीला म्हणून घरातून निघाला आणि कारखान्यात पोचला नाही. मधलं अंतर चालत अकरा मिनिटांचं. पोलिसांनी ते दोनदा चालून पाहिलं आणि ते अकरा मिनिटांचंच आहे, असा निष्कर्ष काढला. त्यापुढे तपास सरकला नाही. निघताना काय म्हणाला, असं त्यांनी विचारलं होतं. मामा म्हणाले, येतो म्हणाला. ते लिहून घेतलं गेलं, खाली मामांची सही झाली. तेव्हापासून घरात, गल्लीत, कारखान्यात तेवढं एकच वाक्य सगळ्यांच्या हातात होतं. येतो म्हणून गेलाय.

"चला तर," साहेब हात चोळत म्हणाले, "आज बाराव्याचं उरकून टाकू."

खोलीत एकदम पंख्याचा आवाज ऐकू येऊ लागला. संघाच्या कोचने गळ्यातली शिट्टी उचलली आणि तिच्या आत काही अडकलंय का ते पाहिलं.

"म्हणजे बारा नंबराचं," साहेब म्हणाले. "जर्सीचं."

"कळलं, साहेब," मामा म्हणाले.

संघात बारा नंबर मुळात कोणाला नको असे. हरलं की लोक ओरडायचे, वाजले बघा याचे बारा. भाच्याने तो मागून घेतला होता. म्हणाला, शाळेत माझे रोजच वाजायचे, मला सवय आहे. मग त्याच नंबरात तो कारखान्याच्या संघाकडून पाच वर्षं बास्केटबॉल खेळला, लांबून बास्केट टाकायचा, आणि टाकल्यावर चेंडू आत जातोय का ते न बघताच मागे फिरायचा. जायचा बहुतेकदा.

"मोठमोठ्या संघांत करतात," साहेब सांगत होते. "एखादा खेळाडू गेला, की त्याचा नंबर निवृत्त करायचा. पुन्हा कोणी घालायचा नाही. जर्सी काचेत, भिंतीवर. कॅन्टीनमध्ये 'आग लागल्यास काय करावे' त्या पाटीच्या शेजारी जागा आहे."

"गेला म्हणजे, साहेब..." मामा म्हणाले.

"गेला म्हणजे गेला. कुठे गेला ते आपण लिहीतच नाही ना."

"पण काचेत घातल्यावर..."

"अहो, निवृत्त होणं काही वाईट नाही. मीही जूनमध्ये होतोय."

कोचने घसा साफ केला. हा माणूस मैदानाबाहेरही शिट्टी वाजवल्याशिवाय बोलायला कचरत असे. "साहेब, लीगचा नियम आहे. चार ते पंधरा. एवढेच नंबर चालतात. म्हणजे बारा माणसांना बारा नंबर. एक तुम्ही भिंतीवर टांगला तर बाराव्या माणसाने काय पाठीवर पुठ्ठा लावून खेळायचं?"

"पुठ्ठा आहे आपल्याकडे," साहेब म्हणाले, आणि कोणी हसलं नाही असं पाहून त्यांनी चहा घेतला.

बारावा माणूस बाहेर बाकावर बसला होता. बॉयलरवर काम करायचा, म्हणून बॉयलरवाला. दोन पोरींचा बाप, अंगाने रुंद. भाचा नाहीसा झाल्यावर महिन्याभरात त्याला संघात घेतलं, पण नंबर नव्हता, म्हणून तेव्हापासून प्रत्येक मॅचला तो साध्या बनियनवर बसून इतरांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळत होता. शनिवारी लीगची शेवटची मॅच होती आणि संघातल्या दोघांचे गुडघे सुजलेले होते.

"मग त्याला बारा देऊन टाका," साहेब म्हणाले. "माझी काही हरकत नाही. मी भावनेपोटी म्हणत होतो. मामा, तुम्हीच सांगा. तुम्ही म्हणाल तसं."

मामांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं. जर्सी टेबलावर पालथी पडली होती. काचेत गेली तर तो मेला असं कारखान्याने ठरवलं म्हणायचं. दुसऱ्याच्या अंगावर गेली तर तो परत यायचा नाही असं ठरवलं म्हणायचं. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्हींच्या काठाशी मामांनीच टिपण लिहायचं.

"रजेवर ठेवता येईल का?" ते म्हणाले.

"कोणाला?"

"नंबराला."

साहेबांनी हे चेष्टेवारी नेलं नाही. तीस वर्षं कल्याण खात्यात काढलेला माणूस कुठल्याच अर्जाला हसत नाही. "कोणत्या रजेवर? हक्काची धरली तर अर्ज लागतो, रजा घेणाऱ्याच्या सहीचा. आजारपणाची धरली तर डॉक्टरचा दाखला. आणि रजेवरच्या माणसाच्या जागी बदली माणूस द्यावाच लागतो, म्हणजे आपण परत बॉयलरपाशीच येतो."

"बरोबर आहे," मामा म्हणाले. बरोबरच होतं. हजेरीपटावर हेच नियम ते एकतीस वर्षं इतरांना सांगत आले होते.

शेवटी साहेबांना मार्ग सापडला. त्यांनी खिडकीजवळच्या टाइपिस्टबाईंना सांगून एक कागद तयार करून घेतला आणि जर्सीबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत घातला.

"आईची सही आणा. एकदा आईची हरकत नाही म्हटल्यावर मग कोणाला तोंड उघडायला जागा नाही. शुक्रवारपर्यंत. म्हणजे उद्यापर्यंत."

बाहेर बॉयलरवाला उठून उभा राहिला.

"मामा, मला नको तो नंबर. खरंच सांगतो. मी पाण्याचं बघतो, मला काही कमीपणा नाही त्यात."

"असू दे रे."

"फक्त पोरींना बोलून बसलोय, शनिवारी बाबा खेळणार म्हणून. धाकटी विचारते, कितवा नंबर." तो थांबला. मोठ्या माणसाला लहान आवाज शोभत नाही, पण त्याचा तोच निघाला. "तुम्ही म्हणाल तसं, मामा."

मामांनी मान हलवली. आठ महिन्यांत इतक्या जणांनी त्यांच्याकडे त्यांचं म्हणणं मागितलं होतं, की त्यांच्यापाशी ते उरलंच नव्हतं.

घरी ताई मशीनवर बसली होती. शेजारच्यांच्या पडद्याला पट्टी मारायचं काम होतं. ती मामांची थोरली बहीण. नवरा वारल्यावर दोन वर्षांच्या पोराला घेऊन धाकट्या भावाकडे राहायला आली, ती राहिलीच. मामांनी पिशवी तिच्यापुढे ठेवली आणि चपला जागेवर लावत बसले. दोनच जोड होते, तरी वेळ लागला.

ताईने जर्सी बाहेर काढली. आता ती नाकाशी नेईल, असं मामांना वाटलं. तिने उलटी केली आणि आतली शिवण पाहिली.

"कापड बरंय. शिवण अगदीच भिकार."

मग तिने कागद वाचला. चष्मा वर करून वाचला, खाली करून वाचला. *माझा मुलगा यांचा संघातील क्रमांक बारा (अ) कायमस्वरूपी निवृत्त करण्यास (ब) अन्य खेळाडूस देण्यास माझी हरकत नाही. लागू नसेल ते खोडावे.*

"देणार कोणाला?"

"बॉयलरवर आहे एकजण. चांगला आहे."

"खेळायला?"

"माणूस म्हणून. खेळायला ठीक."

"अंगाने?"

मामांनी दोन्ही हात पसरले, मग आणखी थोडे पसरले. "दारातून तिरका येतो."

ताईने पडदा बाजूला सारला. कात्रीचं टोक जर्सीच्या काखेत घातलं आणि बाजूची शिवण उसवायला सुरुवात केली. एक एक टाका सुटताना बारीक आवाज येत होता.

"ताई, तू आधी कागदाचं..."

"बघत बसू नकोस. सुईत दोरा ओव. हे मशीनवर नाही घालायचं."

मामांनी सुई दिव्याकडे धरली. दोरा ओला केला, पीळ दिला. तो भोकाच्या डावीकडून गेला, मग उजवीकडून गेला.

"त्या दिवशी मी जागी होते," ताई म्हणाली.

दोरा पुन्हा डावीकडून गेला.

"जातो म्हणाला तो. मामा, जातो मी. तू म्हणालास, जातो नाही, येतो म्हणावं. मग कडी वाजली."

मामांच्या अर्ध्या गालाला तेव्हा साबण होता. आरशात मागे भाच्याचा खांदा दिसत होता, खांद्यावर पिशवी. तो हसला होता. मामा वस्तऱ्याचा एक हात फिरेपर्यंत थांबले होते, येतो म्हणेल म्हणून. मग आरशात नुसतं दार होतं.

"मग तू आजवर..."

"तू पोलिसांना सांगितलंस. त्यांनी लिहून घेतलं." ताईने उसवलेला दोरा बोटाला गुंडाळला. "घरी येऊन तूच मला तीनदा सांगितलंस. सांगताना तुझा चेहरा जरा माणसासारखा दिसायचा. मी म्हटलं, असू दे."

"मला वाटत होतं, तुला धीर..."

"हो ना. मलाही तेच वाटत होतं. आण ती सुई इकडे."

तिने पहिल्या फटक्यात दोरा ओवला. दोन्ही बाजूंना आतलं कापड होतं नव्हतं तेवढं बाहेर सोडलं आणि लांब लांब टाक्यांनी धावदोरा घालत गेली, पाहुण्यांच्या गादीला खोळ घालतात तसा. मामा शेजारी बसून बघत राहिले. काहीतरी विचारायला हवं होतं, रागवायला तरी हवं होतं. त्यांनी खाली पडलेले दोऱ्याचे तुकडे वेचले.

"ही कच्ची आहे," ताई म्हणाली. "ओढलं की निघेल. मग जुन्या खुणेवर परत आत घेता येईल. खूण ठेवलीय मी."

"अगं, बास्केटबॉल आहे तो. पहिल्याच उडीला उसवेल."

"उसवू दे. पुन्हा घालीन. सांग त्याला, मॅच झाली की आणून द्यायची. धुऊन."

मग तिने कागद ओढला. मामांचं पेन घेतलं. आधी (अ) खोडलं. क्षणभर थांबून (ब) खोडलं, तेवढ्याच जाड रेघेने. खाली सही केली. मामांनी कागद वाचला. आता त्यात एवढंच उरलं होतं, की माझा मुलगा यांचा संघातील क्रमांक बारा माझी हरकत नाही.

"याला साहेब काय म्हणतील?" मामा म्हणाले.

"लागू नसेल ते खोडायला सांगितलं होतं ना?"

साहेबांनी शुक्रवारी तो कागद बराच वेळ पाहिला, सही आहे याची खात्री केली आणि फाइलला लावला. फ्रेमवाल्याला थांबायला सांगितलं. बत्तीस इंच मात्र टिपणात तसेच राहिले.

शनिवारी सकाळी मामा जर्सी पिशवीत घालून दाराशी आले. मॅच दुपारची होती, पण बॉयलरवाल्याला आधी घालून बघायची होती. धाकट्या पोरीला त्याने कालच सांगून टाकलं होतं, बारा.

आत मशीन चालू होती, पडदा उरकायचा होता. मामांनी चपला घातल्या. गेले आठ महिने ते घरातून निघताना काही म्हणत नसत. नुसते खाकरत आणि कडी काढत. आज ते खाकरले आणि कडीवर हात ठेवला.

आत मशीन थांबली.

मामा उभे राहिले. पिशवी या हातातून त्या हातात घेतली. आत सुई कापडात अडकवून कोणीतरी नुसतं बसलेलं होतं.

"येतो," मामा म्हणाले. घशात साबण गेल्यासारखा आवाज निघाला, म्हणून त्यांनी तो शब्द पुन्हा एकदा, जरा मोठ्याने म्हटला.

मशीन लगेच सुरू झाली नाही. ते जिना उतरून फाटकापर्यंत गेले, तेव्हा झाली.