ब्रेक मऊ लागतोय

माझ्या भावाला, केल्विनला, त्याच्या लाल हॅचबॅकमध्ये कधी दोष दिसला नव्हता. बायको सोडून गेली तेव्हा चूक बायकोची, गाडी शर्यतीचा ट्रॅक सोडून गवतात घुसली तेव्हा चूक गवताची. त्यामुळे मार्चमध्ये "ग्लेनिस, ब्रेक मऊ लागतोय" म्हणत तो माझ्या शेडमध्ये आला, तेव्हा मला नवलच वाटलं.

बेंडिगो शहराच्या बस डेपोत मी जन्मभर ब्रेकचंच काम केलंय. रस्त्यावरच्या गाडीचे ब्रेक ट्रॅकवर तापून हात टेकतात, हे मला सांगायला नको. मी मोठ्या डिस्क बसवल्या, कडक पॅड घातले, रबरी नळ्या काढून पोलादी जाळीच्या लावल्या. पुढच्याच ट्रॅक-डेला, म्हणजे हौशी लोक आपापल्या गाड्या ट्रॅकवर पळवतात त्या दिवशी, हा पहिल्या वळणावर सरळ कडेच्या रेतीत. म्हणे, अजून मऊच आहे, दाबूनही गाडी थांबत नाही. मी पेडलचा जोर नळ्यांतल्या तेलावर टाकणारा मास्टर सिलिंडर बदलला. तो पुन्हा रेतीत. मग मात्र सगळ्यांसमोर मी त्याला सुनावलं, नाचता येईना अंगण वाकडं. ट्रॅकशेजारी सॉसेज भाजणारी मंडळी हसली, तोही हसला, आणि जाताना पायरीला अडखळला. त्यावरही आम्ही हसलो.

काल शेवटचा उपाय म्हणून, ब्रेक मऊ करणारी नळ्यांतली हवा काढायला घेतली. हे काम दोघांचं. इंजिन बंद ठेवून, म्हणजे पेडल एरवीपेक्षा जड असताना, एकाने ते जोर लावून दाबून धरायचं, दुसऱ्याने गाडीखाली आडवं होऊन चाकामागचा छोटा बोल्ट सैल करायचा. तेलाची पिचकारी उडते, तिच्याबरोबर हवा निघून जाते.

"दाब," मी खालून म्हटलं.

"दाबलंय."

मी बोल्ट सैल केला. पिचकारी कुठली, एक थेंब ओघळला.

"नीट दाब की. जेवला नाहीस का?"

"अगं दाबलंय. पार तळाला टेकलंय."

मी चिडून बाहेर सरकले आणि उघड्या दारातून पाहिलं. त्याचा उजवा पाय पेडलवर नुसता ठेवलेला होता. पेडल जागचं हललंही नव्हतं. केल्विनने मात्र स्टिअरिंग घट्ट धरलं होतं आणि जोर लावून त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या.

बाबांचंही पायापासूनच सुरू झालं होतं. आधी पाय, मग हात, मग घास गिळणं. याला औषध नाही आणि हे तुमच्याही रक्तात असू शकतं, असं डॉक्टर तेव्हाच म्हणाले होते. त्यानंतर आम्ही भावंडांनी तो विषय कधी काढला नाही.

तोंड दिसू नये म्हणून मी परत गाडीखाली शिरले.

"निघाली हवा?" त्याने विचारलं.

"निघाली. बरीच होती."

"बाबा ट्रॅक्टरचा क्लच जड झालाय म्हणायचे, आठवतं? किती वेळा बदलला गं आपण?"

"तीनदा."

"आणि क्लचला काय झालं होतं?"

"काही नाही."

"बरं," तो म्हणाला. "मी पुन्हा दाबतो. या वेळी खरं सांग."

मी बोल्ट सैल केला. वरून त्याच्या कण्हण्याचा आवाज आला, सीट करकरली. माझी बोटं कोरडीच राहिली.

"ग्लेनिस?"

मला हुंदका आवरला नाही, आणि तो त्याला ऐकू गेला.