पहिली ओळ हरवलेली कुलूपबंद फाइल

मित्रांनो, संगणकात राहणारी मी एक जुनी कुलूपबंद फाइल आहे. मला उघडून पाहाल तर तुम्हाला एक अक्षरही लागणार नाही. तसं न लागणं हेच माझं काम होतं.

छत्रपती संभाजीनगरात सरदारचाचांच्या घरी हिमरूचं नक्षीदार कापड विणतात. त्यांच्या आईची, वहिदाबींची, डाळिंबाच्या वेलीची नक्षी दुसऱ्या कोणाकडे नव्हती. नक्षी मागावर चढवायची तर आधी दोऱ्यांचा जाळा बांधावा लागतो. जुना जाळा उंदरांनी कुरतडला आणि नक्षीच्या कागदाला वाळवी लागली. कागद पार जाण्याआधी त्याचे फोटो काढले गेले. नक्षी घराबाहेर जाऊ द्यायची नाही, ही या घराची रीत. म्हणून चितेगावच्या कारखान्यात संगणकाचं काम पाहणाऱ्या मेघाताईंनी ते फोटो एकत्र करून त्यांना कुलूप लावलं. तोच माझा जन्म.

माझ्या सुरुवातीला थोडी माहिती असते. कोणत्या सॉफ्टवेअरनं, कोणत्या पद्धतीनं कुलूप लावलं ते तिथं लिहिलेलं असतं. शेजारी काही वेडेवाकडे आकडे असतात. जाणकार त्यांना 'मीठ' म्हणतात. पासवर्डात हे मीठ कालवलं की चावी तयार होते. नुसता पासवर्ड म्हणजे चावी नव्हे. माझं नाव कोणी बदललं तरी मी बदलत नाही. माझी खरी ओळख त्या सुरुवातीत असते.

पुढं कित्येक वर्षं मी पडून राहिले. कोणी माझी आठवण काढली नाही. यंदा मात्र चाचा म्हणाले, "हात थरथरायला लागलेत. जाळा आत्ता बांधला तर बांधला."

त्यांचा भाचा जिब्रान त्यांच्याच मागावर विणतो. त्यानं मला नव्या संगणकावर आणलं. तिथं मला उघडणारं सॉफ्टवेअर नव्हतं. त्यानं मजकूर लिहायचं साधं सॉफ्टवेअर निवडलं. पडद्यावर नुसती गिचमिड उमटली.

"मामू, सुरुवातीलाच लई गुंता है!"

"मग टोक काप की," चाचा मागावरूनच म्हणाले. त्यांनी पडद्याकडे पाहिलंही नाही.

मागावरच्या ताण्याच्या दोऱ्याचं टोक गुंतलं की तेवढं कापायचं आणि नवी गाठ मारायची, हे जिब्रानला लहानपणापासून शिकवलेलं. त्यानं माझी पहिली ओळ पुसली आणि मला जतन केलं. मित्रांनो, त्या ओळीत माझं मीठ होतं.

संध्याकाळी चाचांची मुलगी लाइबा कॉलेजातून आली. तिनं योग्य सॉफ्टवेअर घातलं, पासवर्ड दिला. मी उघडले नाही.

"जिब्रान, हिची सुरुवात कुठंय?"

"काढली. गुंता होता ना."

"अरे शहाण्या, तो गुंता नव्हता! त्याच्यावाचून पासवर्ड काय कपाळ उघडणार?"

"मग उरलेलं तर है ना?"

"तेही गेलं. तू जतन केलंस तेव्हा त्या सॉफ्टवेअरनं आतलं सगळं साधी अक्षरं समजून बदलून टाकलं."

जिब्रानचा चेहरा उतरला. चाचांनी धोटा खाली ठेवला.

"त्याला बोलू नको, लाइबा. काप म्हणलो ते मीच." मग हळूच म्हणाले, "अम्मीची वेल गेली म्हणायची."

लाइबानं मेघाताईंना फोन लावला. ड्रॉवर उघडल्याचा, काहीतरी शोधल्याचा आवाज आला. चाचा आणि जिब्रान फोनजवळ सरकले.

"आहे गं," ताई म्हणाल्या. "एक प्रत ठेवायची मला खोडच आहे. पण पाठवत नाही हं, येऊन घेऊन जा."

लाइबानं फोन ठेवेपर्यंत जिब्रान हेल्मेट घालून दारात उभा होता.

पेन ड्राइव्हमधून माझी जुळी बहीण आली, डोक्यापासून पायापर्यंत शाबूत. लाइबानं आधी तिच्या दोन प्रती केल्या, मगच पासवर्ड दिला. पडद्यावर डाळिंबं उमलली. चाचांनी वेलीच्या एका पानावर बोट ठेवलं. "हे पान अम्मी मुद्दाम वाकडं काढायची," ते म्हणाले आणि डोळे पुसत दोरा मागू लागले.

जाळा बांधला जातोय. जिब्रान मला पुसणार होता. पण इतरांना धडा म्हणून दाखवायला लाइबानं मला ठेवून घेतलं. जिब्रान आता कांद्याचं टोक कापण्याआधीही विचारतो, आणि घर हसतं.

मी आता कधीच उघडणार नाही, याचं मला फार दुःख नाही. वेल वाचली. तुम्ही मात्र, मित्रांनो, मौल्यवान गोष्टीची एक प्रत ठेवा. आणि जे तुम्हाला वाचता येत नाही, त्याला कचरा म्हणण्याआधी वाचता येणाऱ्याला एकदा विचारा.