साहेबांच्या रक्तातलं औषध

प्रयोगशाळेत तिला तोंडावर सगळे ताई म्हणत आणि पाठीमागे ठिणगी. त्या सकाळी ती रागानं आत आली तेव्हा शीतपेटीतला बर्फ म्हणे आपणहून वितळला. पेटी दोन मजले खाली होती, ही गोष्ट वेगळी.

राग उगाच नव्हता. खालच्या वॉर्डात एक सुतार होता. मूत्रपिंड बदलल्यावर त्याला विषाणूनं गाठलं होतं. त्याच्या रक्तात विषाणूवरचं औषध किती आहे, हे ठिणगीच्या यंत्रावर मोजत. आठवड्यापूर्वी आकडा हवा त्याच्या दुप्पट आला, म्हणून डॉक्टरीणबाईंनी गोळ्या निम्म्या केल्या. विषाणू मात्र वाढत चालला, आणि आजही आकडा चढाच. दुपारच्या फेरीत गोळ्या आणखी कमी होणार होत्या.

"निम्म्या गोळ्यांवर औषध उतू चाललंय?" तिनं विभागप्रमुख साहेबांच्या टेबलावर कागद आपटला. "सुतार काय औषधाचं दुकान फोडतो?"

"यंत्र खोटं बोलत नाही, ताई. सही करा."

"जड भाऊ कुणी विरघळवला?"

जड भाऊ म्हणजे औषधाचा जुळा. तोच चेहरा, तीच चाल. फक्त काही हायड्रोजन काढून त्यांच्या जागी जड हायड्रोजन बसवलेले. प्रत्येक नमुन्यात तो मोजून घालायचा. गाळताना जेवढं औषध वाया जातं, त्याच प्रमाणात तोही जातो. मग यंत्र दोघांना वजनावरून वेगळं ओळखतं आणि तुलनेनं मूळ औषध किती ते सांगतं.

"मीच," साहेब म्हणाले. "विरघळेना मेला, म्हणून अल्कली घालून गरम केला. तीन आठवडे झाले. फडताळावर आहे की."

"गरम अल्कलीत?" ठिणगीचा आवाज एकदम खाली आला, आणि साहेबांना तेच जास्त झोंबलं. "आणि जिच्यावरून आकडा वाचतो, ती तुलनेची रेघ?"

"तीच, पहिल्या दिवशीची. रोज कोण काढत बसणार?"

"तुम्ही काही औषध घेता?"

"मी? साधी डोकेदुखीची गोळीसुद्धा नाही."

"मग बाही वर करा."

साहेब नको नको म्हणेपर्यंत सुई टोचून झाली. त्यांच्या रक्तात तिनं फडताळावरचा जड भाऊ घातला आणि नमुना यंत्रात सोडला. पडद्यावर औषधाचा सुळका असा उभा राहिला की छताला भोक पडायचंच बाकी होतं.

"अभिनंदन, साहेब! तुमचंही मूत्रपिंड बदललेलं दिसतंय."

"पण बिनऔषधाचं रक्त आपण रोज तपासतो ना?"

"जड भाऊ न घालता! चोराला घराबाहेर ठेवून घर तपासता! त्या गरम अल्कलीत त्यानं जड हायड्रोजन पाण्यात टाकून दिले, साधे उचलले, आणि यंत्र त्यालाच औषध म्हणून मोजत बसलं."

साहेबांनी बाही खाली केली. "बरं, नवी बाटली काढा. आजचा रिपोर्ट सुधारू. मागचा राहू दे, कशाला उकरायचा?"

"मागच्यावरच त्याच्या गोळ्या काढल्या!" ती इतक्या जोरात ओरडली की शेजारच्या खोलीतला तराजू म्हणे दोन ग्रॅम पुढे सरकला.

तिनं फोन उचलला. "डॉक्टर, आमचे दोन्ही आकडे चुकीचे. गोळ्या कमी करू नका. खरा आकडा तासाभरात देते."

रिसीव्हरमधून असा भडका निघाला की ठिणगीनं तो कानापासून हातभर दूर धरला. सगळ्या खोलीला ऐकू आलं, "आणि त्याचे ते आठ दिवस? ते कोण भरून देणार?"

ठिणगीनं रिसीव्हर साहेबांच्या कानाला लावला आणि ते तोंड उघडेपर्यंत तसाच धरून ठेवला.